एकच लेख, वाचणारे निरनिराळे

अपंग मुलाला वाढवणाऱ्या आईने आपला अनुभव लिहिला, तर तो वाचून तशा सगळ्याच आईबापांना धीर येईल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. का होत नाही, ते एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतल्या एमिली पर्ल किंग्जली या लहान मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी लेखन करीत. १९७४ साली त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव जेसन. त्याला डाऊन सिंड्रोम होता; म्हणजे पेशींमध्ये २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. अशा मुलाचं बोलणं, चालणं, शिकणं सावकाश होतं. ‘मूल संस्थेत ठेवून द्या,’ असा सल्ला डॉक्टरांनी दिला. आईबापांनी तो मानला नाही.

१९८७ साली किंग्जलीबाईंनी एक छोटा लेख लिहिला. कल्पना अशी, की इटलीच्या प्रवासाची सगळी तयारी केली आणि विमान उतरलं हॉलंडला! इटली हुकल्याचं दुःख जन्मभर राहणार. पण तेवढंच धरून बसलं, तर हॉलंडमध्ये जे चांगलं आहे, तेही दिसायचं नाही.

हा लेख पुष्कळांना आवडला. नव्यानेच निदान कळलेल्या आईबापांना तो आवर्जून दिला जाऊ लागला. पण काहींना तो बोचला. मुलाला वारंवार झटके येतात, रात्रीची झोप नाही, दवाखान्याचा खर्च संपत नाही. याला काय प्रवास म्हणायचं? दुसरे काही म्हणाले, आमचं मूल म्हणजे काय चुकलेला मुक्काम आहे?

यात खोटं कुणीच नाही. मुलाचा त्रास कमीजास्त असतो, घरातल्या मदतीचे हात कमीजास्त असतात. शिवाय पहिल्या वर्षी जे पटतं, ते दहाव्या वर्षी पटेलच असं नाही.

आणि ज्याच्याविषयी लिहिलं, त्या मुलाचं काय? १९९४ साली जेसनने आपला मित्र मिचेल लेविट्झ याच्याबरोबर स्वतःच पुस्तक लिहिलं. दोघांनाही डाऊन सिंड्रोम. आपल्या आयुष्याबद्दल ते स्वतःच्या तोंडाने बोलले.

गुरुजींनो, बाईंनो, तुमच्या वर्गातल्या अशा मुलाच्या आईला धीराचे चार शब्द जरूर सांगा. पण आधी तिचं ऐकून घ्या. ‘असल्या गोष्टींनी माझं काय भागणार?’ असं ती म्हणाली, तर रागावू नका. तिला गोष्ट नको, मदत हवी आहे. तेव्हा तिला सांगा, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. प्रमाणपत्र कुठे मिळतं, तेही विचारून ठेवा. आणि मूल बोलत असेल, खुणा करीत असेल, तर त्यालाही विचारा, बाळ, तुला काय हवं?