राजाने सही केलीच नाही तर?

गैरसमज : कायद्यावर सही राजाची, तेव्हा अखेरचा शब्दही त्याचाच.

वस्तुस्थिती : सही त्याची खरी, पण नाही म्हणायची सोय नसते. बेल्जियमचे राजे बोदुआँ यांनी १९९० मध्ये नाही म्हणून पाहिलं. गर्भपाताला मर्यादित परवानगी देणारा कायदा संसदेने मंजूर केला होता. बोदुआँ कट्टर कॅथलिक. आपल्या मनाला हे पटत नाही, असं त्यांनी पंतप्रधानांना लिहून कळवलं. मोठीच पंचाईत. राजा कारभार करण्यास असमर्थ असेल तर त्याचे अधिकार मंत्र्यांनी वापरावेत, असं एक कलम राज्यघटनेत होतं. मंत्रिमंडळाने तेच बाहेर काढलं. राजे ठणठणीत होते, तरी ‘असमर्थ’ ठरले. मंत्र्यांनी सह्या केल्या आणि मग संसदेने राजांना पुन्हा ‘समर्थ’ ठरवलं. दीड दिवसाचा गणपती आपल्याला ठाऊक आहे. हे दीड दिवसाचं बिनराजाचं राज्य!

शेजारच्या लक्झेंबर्गने एवढी कसरतही केली नाही. इच्छामरणाच्या कायद्याला संमती देणार नाही, असं ग्रँड ड्यूक आंरी २००८ मध्ये म्हणाले, तेव्हा त्यांच्या संमतीची अटच राज्यघटनेतून काढून टाकण्यात आली.

गैरसमज : ब्रिटनमध्ये तरी राजाचं चालतं.

वस्तुस्थिती : तिथे विधेयकाला शेवटचा नकार राणी ॲनने दिला तो १७०८ मध्ये, आणि तोही मंत्र्यांच्या सल्ल्यावरून. संसदेच्या उद्घाटनाला राजा ‘माझं सरकार’ म्हणत जे भाषण वाचतो, तेही मंत्र्यांनीच लिहिलेलं. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने राणीने संसद संस्थगित केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी तो सल्ला बेकायदा ठरवला. नाचक्की झाली ती जॉन्सन यांची.

गैरसमज : म्हणजे राजा निव्वळ शोभेचा.

वस्तुस्थिती : इथे जरा जपून बोलावं. ऑस्ट्रेलियात राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केलं. सिनेटने खर्चाची विधेयकं अडवून धरली होती हे खरं, पण खालच्या सभागृहात बहुमत व्हिटलम यांचंच होतं. अधिकार राज्यघटनेत लिहिलेला होता. तो वापरायचा नाही, हा संकेत मात्र अलिखित. स्वीडनने ही फट त्याच वर्षी लागू झालेल्या राज्यघटनेत बुजवून टाकली. तिथे पंतप्रधानाचं नाव संसदेचे सभापती सुचवतात, त्यावर संसद मतदान करते, आणि कायद्यावर राजाची सही लागतच नाही.