शुद्ध मध आणि निर्धोक मध

मध विकत घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा, की मध शुद्ध आहे ना? प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. मध शुद्ध असणे ही एक गोष्ट आणि तो खाणाऱ्यास निर्धोक असणे ही दुसरी. हा भेद ध्यानात येण्यासाठी मध होतो कसा, हे आधी पाहू.

हौसेने घरी मधपेटी ठेवावयाची, तर आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात ती सातेरी माशीची. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. ती पेटीत नांदत नाही. सातेरी ढोलीच्या अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून पेटीतील चौकटी तिला मानवतात. तिच्या वसाहतीत राणी एक, नर थोडे, कामकरी माश्या हजारो. राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते. कामकरी माशी वयाप्रमाणे कामे बदलते: प्रथम साफसफाई, मग अळ्यांचे संगोपन, मेणकाम, पहारा आणि अखेरीस फुलांवरची फेरी.

फुलातील मकरंद म्हणजे मध नव्हे. त्यात पाणी पुष्कळ असते. माश्या तो एकमेकींच्या तोंडी देतात, त्यात आपले पाचक रस मिसळतात व पंखांनी वारा घालून पाणी आटवितात. ते शेकडा 20 च्या आसपास उतरले, की कोठडीवर मेणाचे झाकण बसते. मध पिकल्याची ही खूण. त्याआधी घाईने काढलेला मध आंबतो. आणि पावसाळ्यात फुलोरा नसताना माश्यांना काहीच न ठेवणाऱ्या मधुपालाची पेटी एके दिवशी रिकामी दिसते. उपाशी सातेरी घर सोडून जाते.

पाण्यात थेंब सोडणे, वात भिजवून पेटविणे या घरगुती परीक्षांनी भेसळ ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. उलट, थिजलेला मध भेसळीचाच, हेही खरे नव्हे. त्यातील साखरेचे कण जमतात इतकेच. बाटली कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे नवजात बालकास मध चाटविण्याची, बाळगुटी मधात उगाळण्याची चाल आहे. मातीत, धुळीत बोट्युलिनम नावाच्या जंतूचे सुप्त बीजाणू असतात. ते अगदी अस्सल मधातही येऊ शकतात. मधात ते वाढत नाहीत आणि मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात. बाळास बद्धकोष्ठ होतो, दूध ओढण्याची शक्ती जाते, रडणे क्षीण होते, मान लुळी पडते. श्वासही अडखळू शकतो. असे प्रसंग विरळा, पण जिवावर बेतणारे. या रोगाची ओळख 1976 साली अमेरिकेत पटली. घरी मध उकळून हे बीजाणू मरत नाहीत.

म्हणून नियम सोपा ठेवावा: वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मधाचे बोटसुद्धा लावू नये. घरातील वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगणे अवघड वाटेल; पण वाढदिवस झाल्यावर चाटविलेला मध काही कमी गोड लागत नाही.