डाळिंबाचं नपुंसकलिंग

मोसम खोऱ्यात, नामपूरच्या आसपास, डाळिंबाचा विषय निघाला की बोलणं बहार, पाण्याचा ताण आणि तेल्या यांच्यावरच जातं. शास्त्रीय नावाकडे कोण बघतो? ‘पुनिका ग्रानाटुम’. पण मराठी कानाला हे नाव खटकायला हवं.

लॅटिनलाही मराठीसारखीच तीन लिंगं. कच्चा पेरू, कच्ची कैरी, कच्चं डाळिंब, तशीच विशेषणं तिथेही नामामागे बदलतात. हिंदीने नपुंसकलिंग टाकलं, आपण राखलं. आता ‘पुनिका’ स्त्रीलिंगी. मग जोडीला ‘ग्रानाटा’ हवं होतं. लिनियसने 1753 मध्ये छापलं मात्र नपुंसकलिंगी ‘ग्रानाटुम’!

यात चूक नाही. रोमन लोक या फळाला ‘मालुम ग्रानाटुम’ म्हणत, म्हणजे दाणेदार सफरचंद. ‘मालुम’ नपुंसकलिंगी, म्हणून विशेषणही तसंच. पुढे ‘मालुम’ गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं, जुनं लिंग अंगावर घेऊन. नाम झाल्यावर ते ‘पुनिका’पुढे कशाला वाकेल? आपल्याकडेही हेच घडतं. डाळिंब नपुंसकलिंगी, तरी शेतकरी विचारतो, ‘भगवा काय भावाने गेला?’ भगवा पुल्लिंगी, कारण मागचा ‘वाण’ पुल्लिंगी. तो कुणी उच्चारत नाही, पण लिंग त्याचंच चालतं. व्याकरणाचा हा धडा इतका सुबक मला पुस्तकात सापडला नाही.

‘पुनिका’ म्हणजे कार्थेजची, आजच्या ट्युनिसजवळच्या नगरीची. पहिल्या शतकातल्या प्लिनीने दोन्ही नावं नोंदवली आहेत. डाळिंब मूळचं इराणकडचं. रोमनांच्या लेखी मात्र ते कार्थेजचं झालं.

खरी गंमत ‘ग्रानाटुम’च्या मुळाशी असलेल्या ‘ग्रानुम’मध्ये आहे. त्याचा अर्थ दाणा. पण लॅटिन ‘ग’च्या जागी संस्कृतात अनेकदा ‘ज’ येतो: गुडघ्याला तिकडे ‘गेनु’, इकडे ‘जानु’. त्याच नियमाने ‘ग्रानुम’चं संस्कृत भावंड ठरतं ‘जीर्ण’. मूळ धातूचा अर्थ पिकणं, झिजणं, म्हातारं होणं. पिकलेला दाणा आणि पिकलेले केस मराठीत एकाच क्रियापदाने जातात, तेव्हा आपल्याला हे परकं वाटू नये. आणि आपलं ‘जुनं’ याच कुळातलं.

‘ग्रानाटुम’चा वंश पुढे गार्नेट या तांबड्या खड्यात आणि हातबॉम्बच्या ‘ग्रेनेड’ नावात उतरला. ‘ग्रानुम’चं पोर्तुगीजांनी ‘ग्रांव’ केलं. त्यावरून इंग्रजांनी हरभऱ्याला ‘ग्रॅम’ म्हटलं. वजनाच्या ग्रॅमशी त्याचं नातं नाही, तो ग्रीकांचा.