बँजो, गिटार आणि हंबकर : कुंतलांच्या क्रमिक विभाजनाविषयी

सिन्नर व आसपासच्या गावांत वरातीपुढे किंवा गणपतीच्या मिरवणुकीत जो ‘बँजो’ वाजतो, त्याचा अमेरिकेतील चामड्याने मढविलेल्या बँजोशी नावापलीकडे संबंध नाही. आपल्याकडील हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग होय. जपानमधील नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो यांनी ताइशोगोतो हे वाद्य घडविले. त्याचेच हे भारतीय रूप. परंतु महाराष्ट्रात ‘बँजो’ या शब्दाचा हाच अर्थ रूढ झाला आहे, इतका की २०१६ साली रवी जाधव यांनी मुंबईच्या रस्त्यावरील अशा वादकांवर हिंदी चित्रपट काढला तेव्हा त्यास हेच नाव दिले. एका वाद्याचे नाव दुसऱ्याच्या देहावर बसल्याचे हे उदाहरण अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. या वाद्याच्या पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप बसविला की ते विजेच्या गिटारच्या कुळात जाते, आणि त्या कुळाचा जुना उपद्रव, म्हणजे सततची गुणगुण, त्याच्याही वाट्यास येतो.

चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे काही हजार वेढे घातले म्हणजे पिकअप तयार होतो. चुंबकाच्या सान्निध्याने चुंबकित झालेली पोलादी तार कंप पावली की वेढ्यांतून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते व फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार वेढ्यांत विभवांतर निर्माण होते. पिकअप ध्वनी ग्रहण करीत नाही, तारेची हालचाल ग्रहण करतो; म्हणून ‘ध्वनिग्राहक’ हा प्रतिशब्द मला दिशाभूल करणारा वाटतो. वेढ्यांच्या गुंडाळीस मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘नालकुंतल’ या शब्दावरून ‘कुंतल’ म्हणण्यास हरकत नसावी. कुंतल म्हणजे केसांची बट. आणि गिटारच्या पिकअपची तार सुमारे ०·०६३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे खरोखरच केसाएवढी असते.

अडचण अशी की, कुंतलास तारेचे चुंबकीय क्षेत्र आणि जवळच्या रोहित्राचे क्षेत्र यांतील भेद कळत नाही. मिरवणुकीच्या गाडीवर जनित्र, दिव्यांची सरबत्ती व ध्वनिवर्धक एकमेकांस खेटून असतात. तेथे आपल्या देशातील ५० हर्ट्झचा वीजप्रवाह आणि त्याच्या पटी पिकअपमध्ये शिरतात. गिब्सन या अमेरिकन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर काढलेल्या उपायाचे एकस्व १९५५ साली मागितले गेले व १९५९ साली मिळाले. दोन कुंतले शेजारी ठेवावयाची, एकाखाली चुंबकाचा उत्तर ध्रुव व दुसऱ्याखाली दक्षिण ध्रुव आणावयाचा, आणि जोडणी विद्युतदृष्ट्या परस्परविरुद्ध करावयाची. बाहेरची गुणगुण दोहोंत सारखीच येते व विरुद्ध जोडणीमुळे कटते. तारेचा संकेत दोनदा उलटल्याने सुलट होतो व त्याची बेरीज होते. हाच हंबकर. इंग्रजी ‘हम’ला रोखणारा तो हंबकर, मराठी कानास येथे ‘हंबरणे’ आठवावे, यात नवल नाही. व्युत्पत्तीने दोहोंचा संबंध नाही. दोन्ही ध्वन्यनुकारी, एवढेच साम्य.

या लाभाची किंमत स्वरगुणात मोजावी लागते. कुंतले एकसर जोडल्याने प्रवर्तकत्व सुमारे दुप्पट होते. ते ४ हेन्री व केबलसह धारकता ५०० पिकोफॅराड धरल्यास अनुनाद सुमारे ३,६०० हर्ट्झला येतो. एकच कुंतल ठेवले तर तो ५,००० च्या आसपास जातो. याखेरीज १८ मिलिमीटर अंतरावरील दोन कुंतले तारेस दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे ३६ मिलिमीटर तरंगलांबीचा अंशस्वर नाहीसा होतो. गिटारच्या ८२ हर्ट्झच्या जाड तारेवर हा साधारण पस्तिसावा अंशस्वर, म्हणजे २,९०० हर्ट्झ. बारीक तारांवर तो इतका वर जातो की त्याची दखल घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या परिणामाची चर्चा फार होते. माझ्या मते पहिलाच अधिक महत्त्वाचा आहे.

म्हणून वादक एक कुंतल मधूनमधून बाद करतात. दोन कुंतलांच्या सांध्यापासून भूमीपर्यंत कळ बसविली व ती दाबली की खालच्या कुंतलाचे लघुपरिपथन होते. स्वर उजळतो, पातळी साधारण निम्म्यावर येते, आणि गुणगुण परत येते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा द्विमान विरोध झाला : आहे किंवा नाही. कळीच्या जागी बदलता रोध बसविला तर त्याचे क्रमिक श्रेणीत रूपांतर होते, आणि येथे विषय खरा रंजक होतो.

एका कुंतलाचा रोध ४ किलोओहम व प्रवर्तकत्व २ हेन्री धरू. त्यास १० किलोओहमचा रोध समांतर जोडला, तर १०० हर्ट्झला त्याच्या संकेताचा सुमारे ७१ टक्के भाग शिल्लक राहतो, १,००० हर्ट्झला ५३ टक्के, आणि ३,००० हर्ट्झला केवळ २५ टक्के. कारण वारंवारतेबरोबर कुंतलाची स्वतःची अडवणूक वाढत जाते. अर्थ असा की, वरच्या पट्टीत पिकअप एका कुंतलाचा होत असताना खालच्या पट्टीत तो बराचसा हंबकरच राहतो, आणि मुख्य गुणगुण नेमकी खालच्या पट्टीत असते. तिचा सुमारे सत्तर टक्के भाग अजूनही कटतो व उजळपणाही पुष्कळसा हाती लागतो. कळीने हे साधत नाही.

५०० किलोओहमचा रेषीय पॉट घेतल्यास निराशा होते, कारण अर्ध्या फेऱ्यावर २५० किलोओहम असतात व तेवढ्याने काहीच ऐकू येत नाही. सारा बदल शेवटच्या दशांशात कोंबला जातो. लॉग पॉट घ्यावा. डावे टोक भूमीस आणि मधले टोक सांध्यास जोडल्यास मध्यावर सुमारे ५० ते ७५ किलोओहम मिळतात व कामाचा पल्ला ऐसपैस पसरतो. पूर्ण उजवीकडे हंबकर, पूर्ण डावीकडे एक कुंतल. वरचे कुंतल बाद करावयाचे असल्यास हाच पॉट सांधा व संकेताची तार यांच्यामध्ये येतो.

तारांच्या रंगांवर विसंबू नये. प्रत्येक निर्मात्याचा संकेत वेगळा. मल्टिमीटरने सुमारे ४ किलोओहमच्या दोन जोड्या शोधाव्यात, मग काट्याच्या मीटरवर प्रत्येक कुंतलाच्या ध्रुवावर स्क्रूड्रायव्हर टेकवून काटा कोणत्या बाजूस जातो ते पाहावे. दोन्ही वेळी काटा त्याच बाजूस जाईल अशा रीतीने धन-ऋण टोके ठरवून एकाचे ऋण दुसऱ्याच्या धनास जोडावे. आवरणाची उघडी तार नेहमी भूमीसच जावी. जुन्या पिकअपमधून दोनच तारा बाहेर येतात व सांधा आत गाडलेला असतो. तो उकरताना केसाएवढी तार तुटली की पिकअप पुन्हा गुंडाळावा लागतो. असा पिकअप मूल्यवान असेल तर त्यास हात न लावणेच बरे.

बँजोवर हंबकर बसवावयाचा झाल्यास आणखी एक पाहावे लागते. गिटारच्या हंबकरमधील ध्रुव सुमारे ५० मिलिमीटर रुंदीत सहा तारांसाठी मांडलेले असतात, तर बुलबुलतरंगाच्या स्वरतारा एकमेकींस चिकटून, एकाच स्वरात लावलेल्या असतात. सुट्या ध्रुवांऐवजी अखंड पोलादी पट्टीचा हंबकर घेतला, तर कोणतीही तार दोन ध्रुवांच्या मध्ये पडून क्षीण होत नाही. आणि पॉट कळांपासून दूर, उजव्या हाताच्या बोटांना सहज लागेल असा बसविला म्हणजे वाजवता वाजवताच तो फिरविता येतो.