एकाच वाचकासाठी

१० जानेवारी १९१३ या तारखेचं एक पत्र अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या कला-दफ्तरखान्यात जपून ठेवलेलं आहे. घडी उलगडली की कागदाच्या भिंती उभ्या राहतात, भिंतींवर चिमुकली चित्रं दिसतात, आणि वाचणारा थेट एका चित्रदालनात जाऊन पोचतो. पत्र पाठवणारा आल्फ्रेड फ्री हा न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ दैनिकाचा व्यंगचित्रकार. तेव्हा तो युरोपात होता आणि ज्युलिएट फांचुल्ली, त्याची वाग्दत्त वधू, अटलांटिकपलीकडे अमेरिकेत.

फ्रीचा जन्म १८८० चा, ओहायोतल्या लायमा गावचा. लघुलेखन शिकताना पिटमनच्या खुणांमधून आपण शिक्षकांचे चेहरे काढू लागलो, असं तो सांगे. मला त्याच्या साऱ्या कलेचं मूळ इथंच दिसतं. दोन वळणांत अख्खा माणूस उभा करायची सवय त्याला तिथं लागली. पुढे सेंट लुईसच्या ‘पोस्ट-डिस्पॅच’ दैनिकामध्ये आणि मग ‘वर्ल्ड’मध्ये ती कामी आली. त्या काळी रेखाचित्राचा जस्ताचा ब्लॉक तेजाबात कोरून बनवत. स्वस्त, खरबरीत कागदावर नाजूक छटा टिकत नसत. रेघ ठाम नसेल तर छपाईत चित्राचा चिखल व्हायचा. नाटकातल्या नटनट्यांना फ्री मोजक्या रेघांत पकडी, त्यामागे ही शिस्तही होती.

पत्रात ब्लॉक नव्हता, संपादक नव्हता, रकान्याची रुंदी नव्हती. म्हणून कागदच त्याचं साहित्य झाला. कापायचा, दुमडायचा, उभा करायचा. जहाजाचं टपाल पोचायला आठवडा तरी जाई. तेवढ्या अवधीत शब्द शिळे होतात. ‘मी अमुक चित्रं पाहिली’ एवढं लिहून भागलं असतं. त्याने मात्र दालनच पाठवलं, म्हणजे तिनेही त्याच भिंतींसमोर उभं राहावं. विरहात माणूस हकिगत सांगतो. फ्रीला तिची सोबत हवी होती. प्रेमपत्राची इतकी नेमकी कल्पना मी दुसरी पाहिलेली नाही.

१९१३ मध्येच दोघांचं लग्न झालं. फेब्रुवारी १९२५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिक निघालं, तेव्हा पहिल्या अंकातही फ्रीचं चित्र होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं तो तिथं रंगभूमीवरची माणसं काढत राहिला. या छापील चित्रांवरच त्याची कीर्ती उभी आहे. पत्र मात्र पुस्तकात छापलं की सपाट होतं, त्याच्या भिंती आडव्या पडतात. कुणीतरी त्याची दुमडता येणारी प्रतिकृती काढावी. ज्युलिएटने केलं असेल तसं, हाताने उघडूनच ते पाहायला हवं.