कंपन-फलक आणि व्यायामपूर्व तयारी : काही गैरसमज

कंपन-फलकावर काही मिनिटे स्वस्थ उभे राहिले की यंत्रच शरीर तापवून देते, हा या साधनाविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज होय. वस्तुतः सेकंदाला साधारणपणे 20 ते 50 वेळा, आणि तेही अवघे काही मिलिमीटर हलणाऱ्या या फलकामुळे स्नायूंतील स्नायुतर्कू, म्हणजे स्नायू किती ताणला गेला हे मज्जारज्जूला कळवणारी सूक्ष्म संवेदक रचना, पुनःपुन्हा उद्दीपित होते आणि तिला उत्तर म्हणून स्नायू आपोआप आकुंचन पावतो. या प्रतिक्षेपाचे वर्णन स्वीडनमधील हागबार्थ आणि एक्लुंड यांनी 1966 मध्ये केले होते. ऊब निर्माण होते ती मुख्यतः या आकुंचनातून, म्हणजे स्नायूच्याच श्रमातून, आणि म्हणूनच फलकावर अर्धी बैठक घेणाऱ्याच्या मांड्या नुसत्या उभ्या राहणाऱ्यापेक्षा अधिक तापतात.

कंपन जितके तीव्र तितका लाभ अधिक, ही समजूत तर धोक्याची आहे. त्वरण हे वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; मध्यस्थितीपासून 2 मिलिमीटर हलणारा फलक सेकंदाला 30 आवर्तने करतो तेव्हा त्याचे कमाल त्वरण गुरुत्व-त्वरणाच्या सुमारे सातपट होते, आणि आवर्तने दुप्पट केल्यास ते चौपट होते. गुडघे ताठ ठेवले तर हे हादरे कण्यातून थेट डोक्यापर्यंत पोहोचतात, जबडा थरथरतो, समोरची अक्षरे पुसट दिसतात. गुडघे किंचित वाकवताच पायांचे स्नायू त्यांचा बराचसा भाग शोषून घेतात. गर्भवती स्त्रिया, तसेच नुकतीच रक्ताची गुठळी झालेले, हाड मोडलेले वा हृदयात पेसमेकर बसवलेले रुग्ण यांना हे साधन वर्ज्य मानले जाते.

हे तंत्र अगदी नवे आहे, असेही समजण्याचे कारण नाही, कारण सोव्हिएत संघात नाझारोव्ह यांनी 1980 च्या दशकातच जिम्नॅस्टिक्सच्या खेळाडूंवर त्याचे प्रयोग केले होते.

कंपनानंतर उडीची उंची आणि सांध्यांची लवचिकता काही प्रयोगांत वाढलेली आढळली असली, तरी निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि आढळलेला परिणामही बहुधा काही मिनिटांतच ओसरतो. शिवाय फलकावर हृदयगती बेताचीच वाढते आणि खेळातील प्रत्यक्ष हालचालींचा सराव मुळीच होत नाही. त्यामुळे फलकावरून उतरलेल्या धावपटूलाही हलकी धाव आणि क्रमाने वेग वाढवत घेतलेल्या दोन-चार छोट्या दौडी चुकत नाहीत.