जपानांतील आगगाडीचा पास : घ्यावा कीं न घ्यावा?

परदेशीं नोकरीस असलेल्या मुलांकडे आईबापांनीं एकदां तरी जाऊन यावें, हा परिपाठ आतां आपल्या घरोघरीं रूढ झाला आहे. आमचा धाकटा मुलगा टोकियोस असतो. त्याच्याकडे जाण्याचें आम्ही उभयतांनीं ठरविलें, तेव्हां एका स्नेह्यांनीं बजावलें, 'रेल्वेचा पास तेवढा आधींच घेऊन ठेवा; त्यासारखी स्वस्ताई दुसरी नाहीं.' स्नेह्यांचा प्रवास २०१८ सालचा होता, हें मागाहून कळलें!

जेआर कंपन्यांच्या गाड्यांवर सर्व जपानभर चालणारा हा पास सलग सात, चौदा किंवा एकवीस दिवसांचा असतो. 'सलग' हा शब्द वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. मध्यें दोन दिवस विश्रांति घेतली तरी ते मोजले जातातच. साध्या वर्गाच्या सात दिवसांच्या पासास पूर्वीं २९,६५० येन पडत. ऑक्टोबर २०२३ मध्यें ते एकदम ५०,००० झाले.

तेव्हां आम्हीं वही काढून हिशेब मांडला. टोकियो ते क्योतो सुमारें १४,००० येन, तेथून हिरोशिमा ११,०००, आणि हिरोशिमाहून परत टोकियो १९,०००, एकूण ४४,०००. जुन्या दरानें माणशीं चौदा हजारांची बचत झाली असती. नव्या दरानें सहा हजारांची खोट. कानाझावा आणखी जोडल्यास पास परवडतो, हें खरें. परंतु पासाचे पैसे फिटावे म्हणून साठी उलटलेल्या माणसानें देशभर धांवत सुटावें, हा व्यवहार आम्हांस तरी पटेना.

याहून मोठी अडचण निराळीच होती. हा पास अल्पकाल येणाऱ्या प्रवाशांसाठीं असून पारपत्रावर तसा शिक्का लागतो; तेथें नोकरी करणाऱ्या आमच्या मुलास तो मिळणें नाहीं. शिवाय 'नोझोमि' या सर्वांत जलद गाडीस पासावर वेगळा आकार द्यावा लागतो. त्याशिवाय जावयाचें तर पासवाल्यानें 'हिकारि'नें जावें. म्हणजे मुलगा एका गाडींत आणि आम्ही दुसऱ्या! ज्याच्या सहवासासाठीं समुद्र ओलांडावा, त्यालाच फलाटावर निरोप द्यावयाचा कीं काय?

शेवटीं मुलानेंच मार्ग काढला. 'अण्णा, टोकियो-क्योतोचीं तिकिटें साधींच घेऊं, आणि पुढें तुम्हां दोघांस प्रादेशिक पास घेऊं.' कानसाई-हिरोशिमा भागाचा पांच दिवसांचा पास आम्हांस माणशीं १७,००० येनांस पडला. जातायेतांचीं क्योतोचीं तिकिटें धरून एकूण ४५,०००. परंतु त्यांत नारा, हिमेजीचा किल्ला आणि मियाजिमा बेटाची जेआरची नावही आली. शिन-ओसाका ते हिरोशिमा या टप्प्यांत हा पास नोझोमिसही चालतो, म्हणून तिघेही एकत्र बसलों.

क्योतो ते शिन-ओसाका एवढा तुकडा मात्र या पासावर बुलेट गाडीनें करतां येत नाहीं. साध्या गाडीनें सुमारें पंचवीस मिनिटें लागतात. त्या गाडींत बसतांच आमच्या मंडळींनीं दशम्यांचा डबा काढला. मुलानें हळूच हात धरला. नित्याच्या ये-जा करणाऱ्या गाड्यांत तेथें कोणी खात नाहीं, लांबच्या गाडींत मात्र खुशाल खावें. डबा परत पिशवींत गेला, आणि शिन-ओसाका सुटल्यावर उघडला.